थेंब तेच, गुण वेगळा : रोटाव्हायरस लसीविषयी एक अभ्यास

बाळ दीड महिन्याचे झाले की आई त्याला घेऊन अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जाते. तेथे सुया टोचल्या जातात, पोलिओचे थेंब पाजले जातात आणि त्यांच्या जोडीला तोंडावाटे आणखी एक लस दिली जाते. ती रोटाव्हायरस या विषाणूपासून होणाऱ्या जुलाब-उलट्यांवरची लस होय. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत मिळून तिचे तीन डोस होतात. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातील बहुतेक बालकांना ती मिळू लागली आहे, आणि तिच्याबरोबरच एक कुजबुजही गावोगाव पोहोचली आहे : ‘ती लस निम्मीच चालते म्हणे!’

ही कुजबुज निराधार नाही. युरोपात आणि अमेरिकेत ज्या प्रकारच्या लसीने तीव्र आजाराला जवळजवळ पूर्ण पायबंद घातला, तिचा प्रभाव भारतात, बांगलादेशात आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत पुष्कळ कमी भरला. असे का व्हावे? औषध तेच असता गुण वेगळा का यावा? या स्मरणिकेच्या वाचकांत पालक आहेत, परिचारिका आहेत, आशा कार्यकर्त्या आणि शिक्षकही आहेत. लस देण्याघेण्याचा प्रश्न त्यांच्या घरापर्यंत आणि कामापर्यंत येतो. म्हणून या कोड्याचा थोडा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या विषाणूची ओळख. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या लहान आतड्यातील पेशींचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेव्हा चाकासारखे गोल, कडेने आरे असल्यासारखे दिसणारे कण त्यांना आढळले. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. हा विषाणू आतड्याच्या आतील अंगावरील बारीक बोटांसारख्या उंचवट्यांवर, म्हणजे रसांकुरांवर, हल्ला करतो. त्यांच्या टोकांवरील पेशी मरतात, अन्नपाणी शोषले जात नाही, आणि लहान बाळ काही तासांत सुकून जाते. मरण येते ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

या विषाणूचे एक वैशिष्ट्य नीट लक्षात घेण्यासारखे आहे. पटकी किंवा विषमज्वर स्वच्छ पाण्याने व शौचालयांनी हटले, तसा हा हटत नाही. लस येण्यापूर्वी अमेरिकेसारख्या देशातही पाच वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होऊन जात असे आणि दरवर्षी ५५ ते ७० हजार मुले रुग्णालयात दाखल होत. फरक होता तो मृत्यूंत. अमेरिकेत वर्षाला २० ते ६० बालके दगावत; भारतात हा आकडा हजारोंत होता. २०१३ या वर्षासाठी जो अंदाज करण्यात आला, त्यानुसार जगभरात पाच वर्षांखालील सुमारे २ लाख १५ हजार बालके रोटाव्हायरसमुळे दगावली, आणि त्यांपैकी जवळपास ४७ हजार भारतातील होती. म्हणजे विषाणू गरीब-श्रीमंत दोघांच्याही घरी जात होता, पण मूल हिरावून नेत होता ते बहुधा गरिबाघरचे. दवाखाना लांब, सलाईन मिळेपर्यंत उशीर, आणि मूल आधीच अशक्त, अशी ती स्थिती होती.

म्हणूनच लसीवर मोठी आशा होती. पहिली लस १९९८ साली अमेरिकेत आली आणि आतड्यात आतडे अडकण्याचा एक विरळा पण गंभीर धोका दिसल्याने वर्षभरातच मागे घेण्यात आली. त्यानंतरच्या दोन लसींची परीक्षा प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर झाली व २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ‘रोटारिक्स’ या लसीचाच मागोवा घेऊ, कारण एकच लस निरनिराळ्या भूमींवर कशी वागली हे तिच्या आकड्यांतून स्वच्छ दिसते. तीव्र आजारापासूनचे संरक्षण युरोपातील सहा देशांत पहिल्या हंगामात सुमारे ९६ टक्के भरले. मुख्यतः लॅटिन अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत ते ८५ टक्के होते. दक्षिण आफ्रिकेत ते ७७ टक्क्यांवर आले, आणि मलावी या अत्यंत गरीब देशात ४९ टक्क्यांवर. दुसरी लस ‘रोटाटेक’. तिने अमेरिका व फिनलंड येथे प्रामुख्याने झालेल्या चाचणीत नेहमीच्या प्रकारांमुळे होणाऱ्या तीव्र आजारावर ९८ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. घाना, केनिया व माली या तीन देशांत मिळून ती ३९ टक्क्यांवर थांबली, तर बांगलादेश व व्हिएतनाम येथे ४८ टक्क्यांवर.

आपली भारतीय लस ‘रोटाव्हॅक’ हिची कथा स्वतंत्र लेखाची आहे. १९८५च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बालकांत असा एक रोटाव्हायरस सापडला की ज्याचा संसर्ग होऊनही बाळांना जुलाब झाले नाहीत. त्यालाच पुढे लसीचे रूप देण्यात आले. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने ती तयार केली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू परिसर अशा तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर तिची अंतिम चाचणी झाली. तीव्र आजारापासून संरक्षण सुमारे ५४ टक्के आढळले. हा तोच ‘निम्मीच चालते’चा आकडा.

या आकड्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो, म्हणून कारणांकडे वळण्यापूर्वी तो सांगितला पाहिजे. शंभर मुलांना लस दिली आणि त्यांपैकी ५४ वाचली, उरलेली ४६ आजारी पडली, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मुळात शंभरांपैकी बहुतेकांना तीव्र आजार होतच नाही. लस न मिळालेल्या मुलांच्या एखाद्या समूहात तीव्र आजाराच्या शंभर घटना घडल्या असतील, तर तेवढ्याच मोठ्या लस मिळालेल्या समूहात त्या ४६ घडतील, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हे मोजमाप तीव्र आजारापुरते आहे. लस घेऊनही साधे जुलाब लागणे शक्य आहे, आणि जुलाब करणारे इतर जंतू तर डझनावारी आहेत. त्यांच्यावर ही लस काही करू शकत नाही. ‘लस दिली तरी पोराला जुलाब झालेच’ ही तक्रार अनेकदा अशा दुसऱ्याच जंतूंची असते.

आता मूळ प्रश्न. पहिली शंका साहजिकच लसीवर येते. लस उष्णतेने बिघडली असेल, वाहतुकीत खराब झाली असेल, किंवा आपल्याकडे पाठवलेला मालच हलका असेल. या शंका चाचण्यांना लागू पडत नाहीत, कारण तेथे शीतसाखळीवर कडक देखरेख असते. पण याहून मोठा पुरावा लसीशी संबंध नसलेल्या दोन अभ्यासांतून मिळतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तेथेच आहे.

मेक्सिको शहरात २०० बालकांवर जन्मापासून दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांना लस दिलेली नव्हती. नैसर्गिक संसर्ग किती वेळा होतो आणि त्यामुळे पुढे किती संरक्षण मिळते, एवढेच पाहायचे होते. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोनदा संसर्ग होऊन गेलेल्या एकाही बाळाला पुढे मध्यम वा तीव्र आजार झाला नाही. लसीचे सगळे गणित या निष्कर्षावर उभे राहिले. निसर्ग दोन सौम्य फेऱ्यांत जे शिकवतो तेच लसीच्या दोन-तीन डोसांनी शिकवावे, असा हा विचार. पुढे तमिळनाडूतील वेल्लोर येथे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉ. गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनी तेथील झोपडवस्तीतल्या ३७३ बालकांवर तीन वर्षे असेच लक्ष ठेवले. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष धक्कादायक होता. सहा महिन्यांच्या आतच निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्के, बालकांना संसर्ग होऊन गेलेला होता. पुन्हा पुन्हा संसर्ग होत होता. आणि तीन वेळा संसर्ग होऊन गेल्यानंतरही मध्यम व तीव्र आजारापासूनचे संरक्षण ७९ टक्केच होते.

म्हणजे वेल्लोरच्या वस्तीत खुद्द निसर्गाची ‘लस’सुद्धा मेक्सिकोइतका गुण देत नव्हती! जिवंत, बलवान, रोग निर्माण करू शकणारा विषाणू तीन वेळा येऊनही जे पूर्णपणे शिकवू शकला नाही, ते दुर्बल केलेल्या विषाणूच्या पाच थेंबांनी शिकवावे अशी अपेक्षा धरणेच चूक. तेव्हा दोष बाटलीत शोधण्यात अर्थ नाही. बाळ ज्या परिस्थितीत जन्मते, जे पाणी पिते, ज्या जमिनीवर रांगते, तिकडे पाहिले पाहिजे.

ही लस जिवंत आहे, हे येथे महत्त्वाचे. ती बाळाच्या आतड्यात पोहोचली पाहिजे, तेथील पेशींत शिरली पाहिजे आणि काही दिवस वाढली पाहिजे. तेव्हाच शरीराची संरक्षक यंत्रणा तिची दखल घेते. या वाटेवर तिला अनेक अडथळे भेटतात आणि त्यांतील पहिला अडथळा मोठा हृद्य आहे. तो आईकडून येतो.

ज्या वस्तीत हा विषाणू बारा महिने फिरत असतो, तेथील स्त्रीला आयुष्यभर त्याचा वारंवार संसर्ग होत राहतो. तिच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात. गर्भारपणात ती नाळेतून बाळाकडे जातात आणि प्रसूतीनंतर दुधातूनही मिळत राहतात. भारतीय मातांच्या दुधात या विषाणूला निष्प्रभ करण्याची शक्ती अमेरिकी मातांच्या दुधापेक्षा जास्त असल्याचे तुलनात्मक अभ्यासात आढळले आहे. बाळाच्या पहिल्या महिन्यांत ही आईने दिलेली शिदोरीच असते. परंतु लसीतील दुबळा विषाणू आणि रोगाचा खरा विषाणू यांत प्रतिपिंडे भेद करीत नाहीत. लसही त्यांच्या तडाख्यात सापडते. भारत, मलावी आणि इंग्लंड येथील बालकांची एकाच पद्धतीने तुलना करणाऱ्या अलीकडच्या अभ्यासात हेच दिसले. नाळेतून आलेली प्रतिपिंडे जितकी जास्त, तितका लसीला मिळणारा प्रतिसाद कमी, असा संबंध भारत आणि मलावी येथे आढळला.

हे कळल्यावर काही संशोधकांना साधा उपाय सुचला : लस देण्याच्या आधी व नंतर तास-अर्धा तास बाळाला अंगावर पाजू नये. दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान आणि भारत या तिन्ही ठिकाणी हा उपाय करून पाहण्यात आला. कोठेही लाभ झाला नाही. म्हणून येथे अगदी स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक वाटते की लसीसाठी स्तनपान थांबवण्याची कोणतीही गरज नाही. उलट स्तनपान हेच जुलाबांविरुद्धचे पहिले संरक्षण आहे. ‘आईच्या दुधाने लस मारली जाते’ असे अर्धवट ज्ञान कोणी गावात पसरवीत असेल, तर आपल्या शाळेतून शिकून गेलेल्यांनी ते तेथल्या तेथे खोडून काढावे.

दुसरा अडथळा सहप्रवाशांचा. रोटाव्हायरसची लस दिली जाते त्याच दिवशी पोलिओचे थेंबही दिले जातात, आणि तीही जिवंत लस आहे. दोन्ही एकाच आतड्यात वाढू पाहतात. पोलिओचा विषाणू अधिक जोमाने वाढतो, त्यामुळे विशेषतः पहिल्या डोसाच्या वेळी रोटाव्हायरस लसीचा प्रतिसाद काहीसा घटतो. शिवाय गरीब वस्त्यांतील बाळांच्या आतड्यांत लसीच्या दिवशीच इतर अनेक विषाणू व जिवाणू मुक्कामाला असतात, भले बाळ वरकरणी खेळते-हसते का असेना. बांगलादेशातील अभ्यासात अशा इतर आंत्रविषाणूंची उपस्थिती आणि लसीचा कमी प्रतिसाद यांचा संबंध आढळला आहे.

भारतीय वैद्यकाला हा अनुभव नवा नव्हता. १९७०च्या दशकाच्या आरंभीच वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी दाखवून दिले होते की पाश्चात्त्य देशांत पोलिओच्या ज्या तीन डोसांनी काम भागते, ते आपल्या मुलांना पुरत नाहीत. त्या काळी अनेकांनी ते मनावर घेतले नाही. पुढे उत्तर प्रदेश व बिहारमध्ये मुलांना दहा-दहा वेळा थेंब द्यावे लागले, लसीची रचना बदलावी लागली, घरोघर फिरावे लागले. त्यानंतर नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २०१४ साली आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. लसीचा गुण कमी येत होता, तरी पोलिओ हटला. तो हटवण्यासाठी कष्ट मात्र कित्येक पटींनी करावे लागले.

तिसरे कारण सर्वांत खोलवरचे आणि सिद्ध करण्यास सर्वांत अवघड आहे. अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या मुलांच्या आतड्यांना सततची सूज येते. रसांकुर आखूड व बोथट होतात, आतड्याचे अस्तर झिरपू लागते, खाल्लेले अंगी लागत नाही. हा काही विशिष्ट वंशाचा गुणधर्म नव्हे. १९६०च्या दशकात पाकिस्तानात सेवेसाठी आलेल्या धडधाकट अमेरिकी ‘पीस कोअर’ स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असेच बदल आढळले होते, आणि मायदेशी परतल्यावर ते हळूहळू भरून आले. जी आतडी भूमीबरोबर बिघडतात आणि भूमी बदलताच सुधारतात, त्यांचा दोष रक्तात किंवा जातकुळीत शोधण्याचे कारण उरत नाही. अशा सुजलेल्या आतड्यात लसीच्या विषाणूला वाढायला जागा कमी मिळते आणि संरक्षक यंत्रणा आधीच इतर शत्रूंत गुंतलेली असते, असा तर्क आहे. काही अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला, काहींनी दिला नाही.

या संदर्भात झिंबाब्वेतील एक प्रयोग विशेष बोलका आहे. तेथील ग्रामीण भागात काही गावांतील घरांना सुधारित शौचालय, हात धुण्याची सोय, साबण, पाणी शुद्ध करण्याचे द्रावण आणि बाळाला मातीपासून दूर खेळण्यासाठी जागा पुरवण्यात आली. इतर गावांना ती मिळाली नाही. लसीनंतर रक्तात प्रतिपिंडे तयार होण्याचे प्रमाण सोयी मिळालेल्या गावांत सुमारे ३० टक्के आणि इतर गावांत सुमारे २० टक्के आढळले. फरक लहान आहे, पण तो खरा आहे : साबण आणि शौचालय यांनी लसीचे बळ वाढले. गंमत अशी की त्याच सोयींनी जुलाबांचे प्रमाण मात्र फारसे घटले नाही. घरापुरती शौचालये आणि वस्तीभर वाहणारे गटार यांचा मेळ बसत नाही, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

याउलट, सोप्या दिसणाऱ्या उपायांनी निराशा केली. वेल्लोर येथे बाळांना जस्त आणि उपयुक्त जिवाणू देऊन पाहिले. रोटाव्हायरस लसीचा प्रतिसाद किंचितच वाढला. प्रतिजैविक देऊन आतड्यातील जंतू कमी केले आणि मग पोलिओची लस दिली. जंतू घटले, पण प्रतिसाद वाढला नाही. वर्षानुवर्षे साठलेली अस्वच्छता एका गोळीने धुऊन निघत नाही.

आणखी दोन गोष्टींचा ओझरता उल्लेख पुरे. एक आनुवंशिक आहे. आतड्याच्या पेशींवर रक्तगटाशी नाते असलेली साखरेची टोके असतात आणि त्यांना धरूनच विषाणू आत शिरतो. ज्यांच्या पेशींवर ती विशिष्ट टोके नसतात, त्यांच्यात ‘रोटारिक्स’सारखी लस नीट रुजत नाही; मात्र त्याच प्रकारचा रोगकारक विषाणूही त्यांना कमी सतावतो. दुसरी गोष्ट विषाणूच्या प्रकारांची. आपल्याकडे व आफ्रिकेत एकाच वेळी अनेक प्रकार फिरत असतात. परंतु एकाच प्रकारापासून बनवलेली लसही इतर प्रकारांपासून बऱ्यापैकी रक्षण करते असे दिसून आल्याने या कारणाला पूर्वीइतके महत्त्व आता दिले जात नाही.

एक बारकावा मोजमापाचाही आहे. जेथे विषाणूचा सुळसुळाट असतो, तेथे लस न मिळालेली मुलेही पहिल्या वर्षात नैसर्गिक संसर्गातून जातात आणि जी जगतात ती काही अंशी सुरक्षित होतात. दुसऱ्या वर्षी दोन्ही गटांतील अंतर आपोआप घटते आणि लसीचा प्रभाव ओसरल्यासारखा दिसतो. तो काही प्रमाणात खरोखर ओसरतो. काही प्रमाणात तो तुलनेचा खेळ असतो.

एवढे वाचून ‘गरिबी वाढली की लसीचा गुण घटला’ असे सरळ सूत्र कोणी मांडेल, तर त्यालाही धक्का देणारे उदाहरण आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘रोटासिल’ ही लस उष्णतेत टिकणारी आहे. जगातील अतिगरीब देशांत गणल्या जाणाऱ्या नायजर या वाळवंटी देशात तिने तीव्र आजारापासून सुमारे ६७ टक्के संरक्षण दिले. तीच लस भारतातील चाचणीत चाळीस टक्क्यांच्या आतच राहिली. दोन्ही चाचण्यांचा कालावधी आणि त्या वेळी फिरणारे विषाणूचे प्रकार वेगळे होते, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून कोणाला उणेदुणे बोलणे योग्य नव्हे. बी आणि जमीन यांचा दृष्टान्त या विषयात नेहमी दिला जातो. पण शेतकऱ्याला ठाऊक असते की उतारा जमिनीवरच ठरत नाही. पाऊस कधी पडला, पेरणी कधी झाली, कीड कोणती आली, हेही पाहावे लागते.

आता त्या कुजबुजीला उत्तर देता येते. मलावी आणि दक्षिण आफ्रिका यांची एकत्र चाचणी झाली होती. टक्केवारीत दक्षिण आफ्रिका पुढे : ७७ विरुद्ध ४९. मात्र लस दिलेल्या दर शंभर बालकांमागे वर्षाला तीव्र आजाराच्या किती घटना टळल्या हे मोजले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७ असा हिशेब निघाला. कमी टक्केवारीच्या देशात अधिक मुले वाचली! कारण उघड आहे. जेथे आग मोठी, तेथे निम्मी विझवलेली आगसुद्धा दुसरीकडच्या पूर्ण विझवलेल्या आगीपेक्षा मोठी असते. पुढे मलावीत लस नियमित कार्यक्रमात आल्यावर लस मिळालेल्या बालकांत जुलाबांमुळे होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याचे आढळले. ‘निम्मी चालणारी’ म्हणून ती लस तेथे नाकारली असती तर काय झाले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

भारतात २०१६ साली आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत ही लस सार्वत्रिक कार्यक्रमात आली आणि २०१९पर्यंत ती देशभर पोहोचली. नऊ राज्यांतील रुग्णालयांत जुलाबांमुळे दाखल झालेल्या मुलांच्या पाहणीत रोटाव्हायरसचे प्रमाण लसीपूर्वी सुमारे ४० टक्के होते. ते लसीनंतर २० टक्क्यांच्या आसपास आले. प्रत्यक्ष व्यवहारातील संरक्षणही ५४ टक्केच भरले. चाचणीत जे दिसले, तेच गर्दीच्या सरकारी रुग्णालयांतूनही दिसावे, ही आपल्या लसीकरण यंत्रणेच्या दृष्टीने कमी महत्त्वाची गोष्ट नाही.

गुण वाढवण्याचे प्रयत्न अर्थातच थांबलेले नाहीत. त्यांतील सर्वांत आशादायक मार्ग लस जन्मानंतर लगेच देण्याचा आहे. नवजात बाळाच्या पोटात आम्ल कमी असते, आतडे अद्याप इतर जंतूंनी व्यापलेले नसते, आणि विषाणू गाठण्यापूर्वी संरक्षण सुरू होऊ शकते. मेलबर्नच्या गटाने नवजात बालकांत सापडलेल्या, रोग न करणाऱ्या विषाणूपासून अशी एक लस बनवली. इंडोनेशियात जावा बेटावर झालेल्या तिच्या चाचणीत पहिला डोस जन्मानंतरच्या पाच दिवसांत दिला गेला. त्या गटातील तीव्र आजारापासूनचे संरक्षण वर्षभरापर्यंत ९४ टक्के आणि दीड वर्षापर्यंत ७५ टक्के होते. आशियातील एका मध्यम उत्पन्नाच्या देशात एवढा आकडा प्रथमच दिसला. मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. वेल्लोर येथे नवजात कक्षांत फिरणाऱ्या दुसऱ्या एका नैसर्गिक विषाणूने बाळांना पुढे संरक्षण दिले नव्हते. प्रत्येक भूमीवर पुन्हा पडताळून पाहण्याला पर्याय नाही.

तोपर्यंत हाती आहे ते नीट वापरणे एवढेच पालकांच्या हातात आहे. तिन्ही डोस वेळेवर पूर्ण व्हावेत. पहिला डोस राहून गेला असेल तर बाळ एक वर्षाचे होण्याआधी तो सुरू करता येतो, हे आपल्या परिचारिका किंवा आशाताईंना विचारून घ्यावे. लस दिल्यावर बाळाला नेहमीप्रमाणे अंगावर पाजावे. लस घेतलेल्या बाळालाही जुलाब लागले तर जलसंजीवनीचे पाणी ताबडतोब सुरू करावे, जस्ताच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस द्याव्यात आणि खाणेपिणे बंद करू नये. डोळे खोल गेले, बाळ मलूल पडले, लघवी होईनाशी झाली किंवा पाजलेले सारे उलटून पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा.